गजकर्णाला एआय चिकटवू नकोस

प्रिय शिष्येस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

औषधाला दाद न देणाऱ्या गजकर्णाच्या बुरशीवर काम करायचंय, तर प्रस्तावाच्या शीर्षकात ‘एआय’ किंवा ‘क्वांटम’ घालू का, असं विचारलं आहेस. नको. केंद्राच्या क्वांटम मिशनला 2023 मध्ये सहा हजार कोटी मंजूर झाले, पण त्यातला एक रुपयाही तुझ्या पेट्री डिशपर्यंत पोचायचा नाही. प्रस्ताव तपासणारेही आपल्यातलेच असतात. ओढूनताणून बसवलेला शब्द त्यांना लगेच खटकतो, आणि मग उरलेला प्रस्ताव ते संशयानेच वाचतात.

तुझा विषय अजिबात किरकोळ नाही. तुझ्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव 2020 मध्ये पडलं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा जुमानत नाही. त्यात मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं. खाज थांबते, चट्टा पसरत राहतो. हेच पहिल्या परिच्छेदात लिही. आणि आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, दार आधी ठोठाव. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणारं त्यांचं जाळं 2013 पासून आहे आणि त्यात बुरशीही येते.

आता मोठ्या आकड्यांविषयी. संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा 2023 चा, पाच वर्षांत 50,000 कोटींचं उद्दिष्ट. त्यातले 14,000 कोटी सरकारचे, उरलेले 36,000 कोटी उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून यायचे. देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के आणि त्यातला निम्म्याहून जास्त भार सरकारच उचलतं, हे माहीत असलेल्या माणसाला ती 36,000 ची ओळ वाचून जरा हसू येतं. उद्योग पैसा घालतील, पण जिथे माल विकला जातो तिथे. स्वस्तातल्या मलमाच्या आजाराला कोण विचारतो? एक लाख कोटींच्या आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) निधीनेही हुरळून जाऊ नकोस. तो खासगी क्षेत्राला स्वस्त, लांब मुदतीची कर्जं देण्यासाठी आहे.

धीर धरून वर्षानुवर्षं घातलेल्या पैशातून काय उभं राहतं, ते तुला आपल्याच पुण्यात दिसेल. एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली ती कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंसाठी. 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू याच लोकांनी शोधला. 2020 मध्ये कोरोनाचा विषाणू देशात पहिल्यांदा वेगळा काढला तोही त्यांनीच. मधली कितीतरी वर्षं या लोकांवर कशाला खर्च करायचा, असं एखाद्या हिशेबनीसाला वाटलंही असेल.

तुझ्यासारख्या नव्यांसाठी अनुसंधान फाउंडेशनची पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट आहे: तीन वर्षांना 60 लाखांपर्यंत, वर ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा वरखर्च. नोकरी मात्र कायम हवी. तुझी आहे, तेव्हा भर.

पैसा मिळवणं एक, वेळेत खर्च करणं दुसरं. आपल्याकडे प्रकल्प बुडतात ते बहुधा इथे. मंजुरी हातात येईपर्यंत दिवाळी उलटते आणि मार्च एंडला अकाउंट्स सेक्शन यूसी, म्हणजे पैसे खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, मागायला उभा. ते वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो, आणि पहिला फटका तुझ्या जेआरएफला, म्हणजे शिष्यवृत्तीवर काम करणाऱ्या पोराला, बसतो. महिना 37,000 आणि वर घरभाडं हे कागदावर ठीक दिसतं, पण चार महिने पैसे आलेच नाहीत तर पाषाणमधल्या खोलीचं भाडं तो पोरगा कुठून देणार? म्हणून इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, एप्रिलमध्येच तयार ठेव. रिएजंट (प्रयोगाची रसायनं) एकदम मागवू नकोस, हप्त्याहप्त्याने घे. वीज गेली की फ्रीजरमधला वर्षाचा साठा जातो. आणि उपकरणाच्या किमतीबरोबर वार्षिक देखभाल करार बजेटात घालच. वॉरंटी संपली की धूळ खात पडलेली यंत्रं मी इतकी पाहिली आहेत की त्यांचं एक संग्रहालय काढता येईल.

जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा दोन लाखांवर नेली, आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मनासारखं उपकरण नसेल तर संस्थेच्या प्रमुखाला बाहेरून घेता येतं. तुझ्या कॉलेजला हे लागू होतं का, ते आजच लेखी विचार. तोंडी ‘हो’वर ऑडिटवाला ऐकत नाही. अकाउंट्समधल्या बाईंशी ओळख ठेव. चहा पाजायला अनुदान लागत नाही.

रुग्णांचे नमुने घेणार आहेस, म्हणजे एथिक्स कमिटी आलीच. तिच्या बैठकीची तारीख आधी विचार आणि वेळापत्रक त्यावरून आख. उलट केलंस तर पहिले सहा महिने वाट बघण्यात जातील.

मसुदा पाठवशील तेव्हा प्रस्तावना नंतर पाठव, बजेटचं पान आधी.

तुझे,
सर