सिम्बॉलिक लिंक ओळखायची कशी?

प्रश्न : लिनक्सवरील माझ्या सी प्रोग्राममध्ये एखादी फाइल खरी आहे की सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलचा मार्ग दाखवणारी फाइल), हे मी फाइलची माहिती देणारे ‘स्टॅट’ हे फंक्शन वापरून तपासतो, परंतु समोर लिंक असूनही उत्तर नेहमी नकारार्थीच येते. असे का व्हावे?

उत्तर : ‘स्टॅट’ लिंकवर थांबत नाही, ती जिथे नेते त्या मूळ फाइलचीच माहिती ते आणून देते, त्यामुळे आपली तपासणी कितीही बिनचूक लिहिली तरी तिला लिंक कधी दिसणारच नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये सिम्बॉलिक लिंकसोबतच आलेले ‘एलस्टॅट’ वापरावे; ते खुद्द लिंकची माहिती देते. मूळ फाइल नाहीशी झालेली असली, तरी ‘एलस्टॅट’ यशस्वी होते, ‘स्टॅट’ मात्र चूक कळवते.

तपासणी सुरक्षिततेसाठी असेल, तर एवढ्यावर मुळीच विसंबू नये, कारण तपासणे आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणात त्या डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा असलेला दुसरा प्रोग्राम फाइलच्या जागी लिंक ठेवू शकतो. त्यापेक्षा फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ फंक्शनलाच ‘ओ_नोफॉलो’ हा फ्लॅग (जादा सूचना) द्यावा, म्हणजे मार्गातील शेवटचे नाव लिंकचे असल्यास ते उघडण्यास नकार देते. वाटेतल्या डिरेक्टरी लिंक असल्या, तर हा फ्लॅग त्यांना अडवत नाही.