ट्यूनिंगनंतर गाडी उभ्या उभ्या बंद पडते : इंजिन खोलायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. तालुक्याला नेऊन ट्यूनिंग केलं. प्लग, पॉइंट (करंट जोडतोडणारा), कन्डेन्सर (पॉइंट जळू न देणारा), एअर फिल्टर नवे टाकले, कार्बोरेटर धुतला. तेव्हापासून उभी असली की थरथरते, आणि फाट्यावर ब्रेक मारून क्लच दाबला की बंद. रस्त्याला लागली की मात्र नीट पळते. आणि आता मिस्त्री म्हणतो, 'बोअर गेला, इंजिन खोला लागते.' म्हणजे सिलिंडर आतून झिजला.

भाऊ, खोलू देऊ नका. निदान आत्ताच नाही.

माझं वर्धा जिल्ह्यात छोटं गॅरेज आहे. कार्बोरेटरच्या ८०० आणि ओम्नी अजून येतात. मारुतीने २००० च्या आसपास एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) आणलं, त्याच्या आधीच्या या गाड्या. खेड्यात त्या टिकून आहेत, कारण स्क्रू-ड्रायव्हर आणि दहा-बाराच्या पान्यावर त्यांचं बहुतेक काम भागतं. पण तेवढ्यावर त्या बिघडतातही.

बोअर एका दुपारी जात नाही. रिंगा झिजल्या असत्या तर ट्यूनिंगच्या आधीपासून ऑइल प्यायली असती, मागून निळा धूर दिला असता, चढावर दम सोडला असता. तुमची गाडी गॅरेजमध्ये गेली तेव्हा बरी होती आणि बाहेर आली तेव्हा थरथरत होती. म्हणजे जिथे जिथे हात लागला तिथेच आधी बघायचं. काय काय उघडलं ते मिस्त्रीला नीट विचारून घ्या. भांडू नका, नुसतं विचारा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) केले का? डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा) ढिला करून फिरवला का? कार्बोरेटर खाली उतरवला की वरचं झाकण काढून हवा मारली? या तीन उत्तरांत अर्धं निदान आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे, आणि ती फार कामाची आहे : पळताना ठीक, उभी असताना वाईट. या इंजिनाला सिलिंडर तीनच. करंटची मोठी गडबड असती, म्हणजे एखादा प्लग मेला असता, तर तिसरा हिस्सा ताकद गेली असती आणि चढावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरलाही झटके कळले असते. फक्त आयडललाच, म्हणजे पाय न देता इंजिन उभं फिरताना, त्रास असेल तर माझा पहिला संशय हवेवर, दुसरा स्लोच्या वाटेवर, म्हणजे आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक वाटेवर.

हवा म्हणजे काय ते सांगतो. पाय एक्सिलरेटरवरून काढला की कार्बोरेटरची खालची फडकी जवळजवळ बंद असते. इंजिन ओढतंय आणि वाट बंद, म्हणून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या नळांत) जोराचा व्हॅक्यूम तयार होतो. त्या वेळी इंजिनाला लागणारी हवा मुळात थोडी. अशात एखादी नळी निसटलेली असली तर तिथून आत शिरणारी चोरटी हवा त्या थोड्या हवेच्या मानाने खूप होते, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन थरथरतं. रेस दिली की फडकी उघडते, व्हॅक्यूम उतरतो, आणि तीच गळती कुठल्या कुठे लपून जाते. तुमची लक्षणं अशीच आहेत.

तपासायला पैसा लागत नाही. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, चालू ठेवा आणि चोकची नॉब हळूहळू थोडी ओढा. चोक ओढल्यावर थरथर कमी होऊन इंजिन सुधारलं तर मिश्रण पातळ आहे : हवा घेतेय किंवा स्लो जेट तुंबलाय. उलट जास्तच घुसमटली, काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त जातंय : फ्लोटची (भांड्यातलं पेट्रोल मापात ठेवणाऱ्या तरंगत्या डबीची) पातळी चढलीय किंवा पेट्रोल अडवणारी सुई गळतेय. माझ्याकडे कार्बोरेटरची गाडी आली की बॉनेटखाली हात घालण्याआधी मी हेच करतो.

चोकने सुधारली तर आता नळ्या बघा. डिस्ट्रिब्युटरच्या डबीकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी, टॅपेट कव्हरकडून येणारी ब्रीदरची नळी, आणि ब्रेक बूस्टर (ब्रेकला जोर देणारी डबी) असेल तर त्याची जाड नळी. एअर फिल्टरचं भांडं काढताना-बसवताना यातली एखादी निसटते, किंवा टोकाला चिरते. जुनं रबर आपल्याकडच्या उन्हाने कडक होतं, मे महिन्यात ४५ च्या वर पारा, त्यात बॉनेटखालची उष्णता. हात लावला की तुटणारच. आणि गाडी गोठ्याला लागून उभी राहत असेल तर उंदरांवरही संशय धरा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात गंज्या लागल्या की उंदीर वाढतात, आणि नळ्या-वायरी त्यांना फार आवडतात.

नळ्या शाबूत असतील तर कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग. कार्बोरेटर उतरवून पुन्हा बसवला असेल आणि जुनंच पॅकिंग वापरलं असेल, किंवा नट एका बाजूने आधी कसले असतील, तर तिथून हवा जाते. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला लावा, दुसरं जोडाजोडावरून फिरवा. जिथे हवा शिरते तिथे 'सूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. नाही कळलं तर त्या जोडावर पाण्याची बारीक धार सोडा, इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर गळती सापडली. पाणी डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या टोप्यांवर जाऊ देऊ नका. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पेट्रोल पडलं की काय होईल ते सांगायची गरज नाही, तेव्हा ते बिलकूल करू नका.

फाट्यावर ब्रेक मारला की बंद पडते हे तुम्ही खास लिहिलंय, म्हणून एक वेगळी चाचणी. गाडी उभी, न्यूट्रलला, इंजिन चालू. नुसता ब्रेक जोरात दाबून धरा. आयडल पडलं तर बूस्टर किंवा त्याची नळी हवा घेतेय. काहीच फरक नाही पडला तर ब्रेकचा संबंध नाही, पाय एक्सिलरेटरवरून उठला एवढंच कारण.

आता स्लोची वाट. कार्बोरेटरवर एक छोटी सोलेनॉइड असते, तिला एक वायर येते. चावी चालू केली की ती उघडते आणि आयडलचं पेट्रोल सुटतं. चावी बंद केली की वाट बंद. कार्बोरेटर धुताना ही वायर काढतात, आणि परत लावायची राहते किंवा पिन ढिली बसते. मग गाडी रेसवर झकास चालते आणि पाय काढला की पटकन मरते. इंजिन न लावता फक्त चावी चालू करा, वायर काढून पुन्हा टेकवा : 'टक' असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर वायर, फ्यूज किंवा सोलेनॉइड. माझं ऐकाल तर सगळ्यात आधी हीच बघा. पैसा शून्य आणि वेळ चहा उकळेल एवढा.

टक आवाज येतो, तरी आयडल नाही? मग स्लो जेट. त्याचं भोक ठिबकच्या ड्रीपरसारखं, एवढासा कचरा अडकला की संपलं. कार्बोरेटर धुतल्यावरच जेट तुंबतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण फ्लोटच्या भांड्याच्या तळाशी बसलेला गाळ धुताना हलतो आणि थेट तिथे जाऊन बसतो. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवा मारा. तार घालू नका, आपल्याकडे मिस्त्री लोक क्लचच्या केबलची बारीक तार घालतात, त्याने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते.

पेट्रोलबद्दलही बोललं पाहिजे. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच जेटमधून मिश्रण थोडं पातळ होतं. एमपीएफआय गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट मळ सोडवतं, आणि १९९७ च्या काळातलं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं. गाडी आठवड्यातून एकदा बाजारापुरती निघत असेल तर टाकीत पाणीही धरतं. म्हणून पेट्रोलचा फिल्टर बदला, पंपाच्या नळ्या नव्या टाका. गावात बाटलीतून विकतात ते पेट्रोल निदान होईपर्यंत टाकू नका, त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता करंट. पॉइंट नवा टाकलाय म्हणता. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आपोआप बदलतं : गॅप वाढला की टायमिंग पुढे, कमी झाला की मागे. मागे गेलं की आयडल उतरतं. मग मिस्त्री काय करतो? आयडल कमी-जास्त करणारा स्लोचा स्क्रू आवळून आयडल चढवून देतो, आणि गाडी तात्पुरती बरी वाटते. म्हणून गॅप फीलर गेजने बघा (०.४ ते ०.५ मिलिमीटर) आणि त्यानंतर टायमिंग लाइट लावून टायमिंग बघा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करून. कानाने टायमिंग लावणारे उस्ताद आहेत, पण लाइट असेल तर कान कशाला? नवा कन्डेन्सर चांगलाच असेल असंही धरू नका. बाजारात डुप्लिकेट भरपूर आहेत, त्याने पॉइंट लवकर जळतो. जुना ठेवला असेल तर तो परत लावून बघा.

प्लगच्या तारांसाठी रात्री काळोखात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे बघायचं. लोडशेडिंग असेल तर आणखीच बरं. तारेतून कुठे निळी ठिणगी उडताना दिसली तर ती तार बदला. प्लग काढून रंगही बघा : कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पातळ मिश्रण, पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाही, तेलकट म्हणजे मात्र तुमच्या मिस्त्रीच्या बोलण्यात थोडं तथ्य असू शकतं. तिन्ही प्लगचा रंग सारखा असेल तर दोष सगळ्यांना मिळून असलेल्या जागी, कार्बोरेटरात किंवा टायमिंगमध्ये. एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरपुरता.

टॅपेट केले असतील तर तेही तपासा. गार आणि गरम इंजिनाची मापं वेगळी असतात. एकाच्या जागी दुसरं लावलं आणि टॅपेट घट्ट राहिले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि आयडल बिघडतं. आवाज येऊ नये म्हणून टॅपेट मुद्दाम घट्ट करणारेही आहेत. गाडी शांत झाली की गिऱ्हाईक खूश होतं, पण व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटचा किंचित टकटक आवाज असलेला परवडला.

हे सगळं झाल्यावरच मिक्श्चरचा स्क्रू, म्हणजे आयडलच्या हवा-पेट्रोलचं प्रमाण लावणारा. आधी नाही. गळती असताना मिक्श्चर लावलं तर ते गळतीच्या मापाने लागतं, आणि गळती बुजवली की पुन्हा बिघडतं. इंजिन गरम, चोक पूर्ण आत, एअर फिल्टर बसवलेला, लाइट बंद. आता आहे त्या जागेपासून स्क्रू किती फिरतो ते मोजत अलगद आत न्या, जोर लावला तर सुईचं टोक चेपतं. तेवढाच परत बाहेर काढा. मग थोडा थोडा फिरवून जिथे इंजिन सगळ्यात जास्त आणि एकसारखं फिरतं ती जागा धरा, आणि स्लोच्या स्क्रूने आयडल मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास आणा. आकडा दाखवणारा मीटर ८०० मध्ये नसतो, मिस्त्रीकडे असतो.

एक युक्ती सांगतो, फार कमी लोक वापरतात. पीयूसी काढताना मशीनवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसीचे (न जळलेल्या पेट्रोलचे) आकडे येतात. तुमच्या काळातल्या पेट्रोल कारला सीओची मर्यादा ३ टक्के आहे. नुसतं सर्टिफिकेट घेऊन निघू नका, आकडे बघू द्या म्हणा. सीओ ३ च्या वर असेल तर पेट्रोल जास्त जातंय. सीओ अगदी कमी आणि एचसी मात्र खूप असेल तर मिश्रण इतकं पातळ आहे की ते नीट पेटतच नाही, म्हणजे परत हवेच्या गळतीकडे. गॅसकिट असेल तर दोन्ही इंधनांवर वेगवेगळं बघा. गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर वाईट असेल तर करंट आणि टॅपेट निर्दोष, कार्बोरेटर पकडा.

एवढं करूनही एकाच सिलिंडरची बोंब राहिली तर कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. तिन्हींचे आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले तर बोअर गेलेला नाही. एक फारच खाली आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघायला लावा : आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. हे आकडे कागदावर लिहून दिल्याशिवाय इंजिन उतरवायला हो म्हणू नका.

सोलेनॉइडची टक येते का, चोक ओढल्यावर काय होतं आणि तीन प्लगचे रंग कसे आहेत, तेवढं इथे खाली लिहा. त्यावरून पुढे कुठे हात घालायचा ते सांगतो. आणि हो, दुपारी उन्हात उभी करून पुन्हा लावतानाच बंद पडत असेल तर तेही लिहा. तेव्हा भांड्यातलं पेट्रोल उकळतं, तो रोग निराळा, त्याचा ट्यूनिंगशी संबंध नाही.