मला फ्लू झालाय आणि मांजरही शिंकतेय. तिला माझ्याकडून झाला असेल का? घरच्यांना तिच्याकडून होईल का?

सासूबाई म्हणतात म्हणून तिला खाली सोडून यायचा विचार करताय असं तुम्ही लिहिलंय. तो आधी डोक्यातून काढा.

माणसाचा फ्लू मांजरीला होतो, पण क्वचित. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत आयोवामधल्या एका १३ वर्षांच्या घरकोंबड्या मांजराला तो घरातल्या आजारी माणसांकडून लागला होता. बरंही झालं ते. उलट मांजराकडून माणसाला झाल्याची उदाहरणं फारच थोडी. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या निवाराकेंद्रांत शेकडो मांजरांना एच७एन२ नावाचा फ्लू झाला, तेव्हा त्यांना तपासणाऱ्या एका डॉक्टरला लागण झाली, तीही सौम्य. तेव्हा तुमचा ताप उतरेपर्यंत मांजरीला उशाशी घेऊ नका, तिचं खाणंपिणं दुसऱ्या कुणाला बघू द्या, बस.

शिंकांचं म्हणाल तर आपल्याकडच्या मांजरांत त्या बहुतेकदा हर्पीस नाहीतर कॅलिसी विषाणूच्या असतात. माणसाला ते होत नाहीत. लस राहिली असेल तर बरी झाल्यावर देऊन घ्या.

मला खरी काळजी वाटते ती कच्च्या चिकनची. मुंबईत आमच्या लालबागला चिकनवाल्याच्या ठोकळ्याखाली मांजरं बसलेलीच असतात, आणि घरी नेणारे लोकही पाय-कातडी काळ्या पिशवीतून तशीच ताटलीत ओततात. बर्ड फ्लू मांजरकुळात शिरतो तो बऱ्याचदा असा, आणि मग सौम्य राहत नाही. २००४ मध्ये थायलंडच्या एका व्याघ्रकेंद्रात कच्च्या कोंबड्यांमुळे वाघ पटापट मेले, पुढे तो वाघाकडून वाघालाही गेला. लांब कशाला, २०२४ च्या डिसेंबरात आपल्या नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूनेच गेले.

उपाय सोपा आहे. चिकन मीठमसाला न घालता कुकरला लावा, दोन-तीन शिट्ट्या होऊ द्या. पहिल्यांदा मांजर नाक मुरडेल, मग खाईल. खिडकीला जाळी बसवा, म्हणजे कबुतरं आणि मेलेले कावळे तिच्या तोंडी लागणार नाहीत.

आणि तुमच्या गोळ्यांतली पॅरासिटामॉल अर्धी मोडूनसुद्धा देऊ नका, मांजरीला ते विष आहे.

खाणं सोडलं, तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागली, झोकांड्या गेल्या किंवा झटके आले तर त्याच दिवशी परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला न्या, नाहीतर जवळच्या डॉक्टरकडे. तिने कच्चं चिकन किंवा कबुतर खाल्लं असेल आणि घरात कुणाला फ्लू असेल, तर दोन्ही आत शिरतानाच सांगा.