आधी जाहिरात वाचा, मग लेसरचं बघू

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा वीस वर्षांचा, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड चांगल्या मार्कांनी पास, भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेला. त्याला असिस्टंट लोको पायलट, म्हणजे रेल्वेच्या इंजिनावरचा सहायक ड्रायव्हर व्हायचंय. एका डोळ्याला उणे सव्वादोन, दुसऱ्याला उणे अडीच नंबर. नाशिकचे मामा म्हणतात, लेसरने चष्मा घालवून टाका, मेडिकलला कोणाला कळतंय. खर्च ऐंशी हजार, त्यासाठी तुम्ही पाटल्या गहाण ठेवायला निघालात.

थांबा. रेल्वेच्या ड्रायव्हरसाठी हे ऑपरेशन करू नका.

लोको पायलटच्या भरतीला ए-१ ही सर्वांत कडक वैद्यकीय श्रेणी लागते. दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६ हवेत, म्हणजे सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला दिसतं तेवढं दिसायला हवं. एवढं वाचून मामांना वाटलं असणार की लेसर केलं की ६/६, म्हणजे काम झालं. पण रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीतच पुढे स्पष्ट लिहिलेलं असतं की नंबर घालवण्यासाठी लेसिक किंवा तशी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला पात्र नाही. आत्ता अडचण चष्म्याची आहे, ऑपरेशननंतर ती ऑपरेशनची होईल. आणि ऑपरेशन परत फिरवता येत नाही.

माझ्या टेबलासमोर असा एक मुलगा बसून गेलाय. संगणकावरच्या दोन्ही परीक्षा (सीबीटी) पार, अ‍ॅप्टिट्यूड टेस्टही पार. मेडिकलचा कागद त्याने चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवला होता. उघडला तर घड्या घामाने ओल्या झालेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक तिथीसुद्धा त्याने मला खुर्चीत बसून वाचून दाखवली. नजर अगदी स्वच्छ, आणि कागदावर ‘अनफिट’.

‘कोणाला कळतंय’ हेही खरं नाही. लेसर होतं ते कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लेसिकमध्ये त्याची पातळ चकती उचलून खालचा भाग लेसरने घासतात आणि चकती परत बसवतात. पीआरके या दुसऱ्या पद्धतीत चकती नसते, वरची त्वचा काढून थेट लेसर मारतात. दुखतं जास्त, नजर बसायला वेळ लागतो. स्माइल या तिसऱ्या पद्धतीत छोट्या छेदातून आतला भिंगासारखा तुकडा काढून घेतात. तिन्हींमध्ये पडदा पातळ होतो, त्याची गोलाई बदलते, आणि कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या मशीनवर ते दिसतं. शिवाय तिथे लपवाछपवी करून नोकरी मिळाली तरी ती डोक्यावर टांगलेलीच राहते.

तुम्ही विचारलंय, मग चष्मा लावलेले ड्रायव्हर स्टेशनवर दिसतात ते कसे? नोकरीत आल्यावर वयानुसार चष्मा लागला तर पुढच्या तपासण्यांचे नियम वेगळे आहेत. भरतीच्या दारात ती सूट नाही.

इथे वाईट वाटेल, पण ए-१ चं दार तुमच्या मुलाला आजच्या नंबरवर बंद आहे. स्टेशन मास्तरच्या ए-२ लाही चष्म्याशिवायच ६/९ लागतं. ए-३ मध्ये चष्मा चालतो, पण भिंगाचा नंबर दोनच्या आत हवा. हा थोडक्यात हुकतो. बी-१ मध्ये मात्र चारपर्यंत चालतो, आणि टेक्निशियनची बरीच पदं याच श्रेणीत असतात. त्याच्या ट्रेडची परीक्षा, त्याच्याच गावात इलेक्ट्रिक लोको शेड. इंजिन चालवणं नाही, इंजिन उघडून दुरुस्त करणं. मला विचाराल तर आयटीआयवाल्या मुलाला हे काम जास्त जवळचं, पण ते त्याने ठरवायचं. महावितरणची विद्युत सहायक भरती निघते, तीही सोडू नये. जाहिरातीत प्रत्येक पदापुढे वैद्यकीय श्रेणी छापलेली असते. मुलं पगाराचा रकाना बघतात, श्रेणीचा बघत नाहीत.

हाच नियम सगळीकडे लावू नका, शेजारपाजारची मुलंही विचारतील म्हणून सांगतो. पदवीनंतर वायुसेनेत जाणाऱ्यांना काही शाखांत लेसर चालतं, पण ऑपरेशनच्या वेळी वय वीस पूर्ण हवं आणि त्यानंतर बारा महिने गेलेले हवेत. एनडीएला, म्हणजे बारावीनंतरच्या लष्करी प्रबोधिनीला, मुलं त्या वयाच्या आधीच जातात, तिथे हा हिशेबच बसत नाही. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला चष्मा चालतो.

आणि रंगांधळेपणा असेल तर कोणतंही लेसर उपयोगाचं नाही. मुलाची रंगांची तपासणी झालीय का, हे तुमच्या पत्रात नाही. ठिपक्यांतले आकडे ओळखायची ती चाचणी पाच मिनिटांत होते. क्लासची फी भरण्याआधी ती करून घ्या, कारण वीजकामात आणि रेल्वेत त्यावर बरंच अडतं.

नोकरी पक्की झाल्यावर चष्मा नकोच वाटला, तर तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे जा. नंबर वर्षभर स्थिर आहे का, पडदा पुरेसा जाड आहे का, डोळे कोरडे पडतात का, हे ते बघतील. पडदा पातळ असेल तर डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचा पर्याय असतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर तपासणीआधी काही दिवस ती बंद ठेवायला सांगतील. नंबर गेला तरी चाळिशीत चाळिशी लागणारच.

पाटल्या बँकेत गेल्या नसतील तर कपाटातच राहू द्या. मुलाला घेऊन या. येताना गेल्या दोन वर्षांचे चष्म्याचे नंबर लिहिलेले कागद आणि आयटीआयची मार्कशीट आणा.