कोळशावरची सहवीज ‘नवीकरणीय’ ठरते का?

प्रश्न : भांडुपला आमचा छोटा कारखाना आहे. ‘संपूर्ण नवीकरणीय वीज’ असा करार करून एका साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पातून (जेथे एकाच इंधनावर वाफ आणि वीज दोन्ही निर्माण होतात) आम्ही वीज घेतो. बिगरहंगामात तेथे कोळसा जाळतात असे कळले. पुरवठादार म्हणतो, सहवीज कायद्याने नवीकरणीयच असते. परदेशी ग्राहक पुरावा मागत आहे. काय करावे?

उत्तर : पुरवठादाराचे म्हणणे टिकणारे नाही. विद्युत अधिनियम, 2003 मध्ये नवीकरणीय ऊर्जेची व्याख्या नाही, आणि कलम 2(12) मधील सहवीजनिर्मितीच्या व्याख्येत इंधनाचा उल्लेखच नाही. एकाच प्रक्रियेतून एकाच वेळी दोन वा अधिक उपयुक्त ऊर्जारूपे निर्माण झाली की झाले. त्यात कलम 86(1)(ई) सहवीज व नवीकरणीय स्रोत या दोहोंना एकाच दमात प्रोत्साहन देण्यास सांगते, आणि या शेजाराचाच लाभ पुरवठादार उठवू पाहत आहे. मात्र लॉइड्स मेटल प्रकरणात विद्युत अपीलीय न्यायाधिकरणाने 2013 साली स्पष्ट केले की, जीवाश्म इंधनावरील सहवीज खरेदी करून नवीकरणीय ऊर्जाखरेदीचे बंधन (विजेचा ठरावीक हिस्सा नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे) पूर्ण करण्याची सक्ती वितरण कंपन्यांवर करता येणार नाही. तो निकाल खासगी करारावरचा नाही. तरीही आपल्या करारातील शब्दाचा अर्थ लावताना त्याचे वजन पडेल.

बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, निर्माण झालेल्या युनिटांबद्दल वाद नाही. आपण पाठवलेल्या बिलांत पावसाळ्यातही, म्हणजे गाळप बंद असताना, युनिटे घटलेली दिसत नाहीत. पण साठवलेल्या बगॅसवरही काही काळ वीजनिर्मिती होते, तेव्हा केवळ बिलांवरून आरोप करू नये. प्रथम लेखी पत्राने महिनावार इंधन-नोंदी मागवा, आणि याच विजेवर नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रे घेऊन विकली आहेत का, हेही विचारा. एक प्रमाणपत्र 1 मेगावॅट-तासाचे असते. ते विकले गेले असेल, तर त्या विजेचा हरितपणा दुसऱ्याच्या खाती गेला आहे.

नोंदींतून कोळसा सिद्ध झाल्यास भारतीय करार अधिनियमाच्या कलम 73 खाली नुकसानभरपाईचा दावा करता येईल. करारात लवादाचे कलम आहे का ते आधी पाहा. नसल्यास आणि रक्कम 3 लाखांहून कमी नसल्यास प्रकरण वाणिज्यिक न्यायालयात जाईल, जेथे तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे. ग्राहक आयोगाची वाट धरू नका, कारण व्यावसायिक प्रयोजनासाठी सेवा घेणारा सर्वसाधारणपणे ‘ग्राहक’ ठरत नाही. परदेशी ग्राहकाला तूर्त ‘संपूर्ण नवीकरणीय’ असे लिहून देऊ नये, नाहीतर चुकीच्या विधानाची जबाबदारी आपल्यावरच येईल. पुढील बिले भरताना सोबतच्या पत्रात ‘हक्क राखून’ (म्हणजे बिल भरले तरी दावा सोडलेला नाही) असे अवश्य नमूद करावे.