न्यूयॉर्कमध्ये पांढरा शर्ट, टाय आणि काळी नावपट्टी लावून जोडीने फिरणारी मुलं कोण असतात?

ती मॉर्मन चर्चची, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाची, मिशनरी (धर्मप्रचारक) मुलं. बहुतेक जण अठरा ते वीस वर्षांचे. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष सेवा करतात. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, त्यामुळे युटा राज्याच्या छोट्या गावातला मुलगा थेट न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात येऊन पडतो. खर्चाचा भार बराचसा स्वतःवर किंवा घरच्यांवर.

जोडीदाराला सोडून एकट्याने फिरायचं नाही, हा नियम पक्का. पण सगळ्यात अवघड मला वाटतो तो नकार. जॅक्सन हाइट्स स्टेशनबाहेर एका संध्याकाळी दहा मिनिटं पाहत होतो, एकही माणूस थांबला नाही. एकाच्या बुटाची टाच पार झिजलेली. तरी एका आजींची भाजीची ढकलगाडी दोघांनी उचलून जिना चढवून दिली. 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला; आता दर आठवड्याला करता येतो. त्या वयात, त्या गर्दीत, आईचा आवाज किती मोलाचा असेल!

पटत नसेल तर नको म्हणा, पण नीट बोला. उन्हाळ्यात पाणी जरूर विचारा. चहा-कॉफी नको, ती त्यांना वर्ज्य आहे.