आईला कसं सांगू, की मला इथं करमतं?

'मावशी, मी अमळनेरची. लग्नानंतर म्युनिकला आले. पहिला हिवाळा रडण्यात गेला, दुपारी साडेचारलाच अंधार! आता मात्र आवडायला लागलंय. कोपऱ्यावरची बेकरीवाली मला बघताच, न विचारता नेहमीचा पाव पिशवीत टाकते. तेवढ्यानं दिवस बरा जातो. पण आई फोनवर "करमतं का गं?" विचारते तेव्हा मी "कुठलं करमतंय" म्हणते. खरं सांगितलं तर तिला वाटेल, पोरगी विसरली. काय करू?'

अगं बेटा, आईला वाईट वाटू नये म्हणून तू तिच्याच जिवाला घोर लावलास! उन्हाळ्यात तुझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथं रात्रीचे साडेनऊ. फोन ठेवून तू फिरायला निघतेस आणि ती कूस बदलत पडते. तीही कधीतरी माहेर सोडून आलीच ना? परक्या गावात जीव कसा रमतो, हे तिला तुझ्याआधी ठाऊक आहे.

फक्त 'मी मजेत आहे' असं मोघम सांगू नकोस, त्यावर तिचा विश्वास बसायचा नाही. बेकरीवालीचं सांग. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात, ते सांग. भंगारवाल्याशी किलोमागे घासाघीस करणाऱ्या बाईला त्यात भलताच रस वाटेल. रविवारी दुकानं बंद, शनिवारी दूध विसरलं की कोरा चहा, हेही सांग. जूनमध्ये रात्री नऊच्या उजेडाचा फोटो पाठवून ठेव. सकाळी उठून आधी शेजारणीला दाखवेल.

एक पथ्य मात्र पाळ. 'इथं कसं सगळं वेळेवर' असलं काही बोलू नकोस. ते तिला अमळनेरला नावं ठेवल्यासारखं लागेल. (तसंही २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतली तीनातली एक तरी उशिरा धावत होती. भुसावळवाल्यांनी उगाच लाजू नये.)

ऐकून तिचे डोळे भरले तर भरू देत. लेक लांब आहे, ते काही खोटं नाही.

आणि नुसतं सांगू नकोस, तिला विचारतही जा. तिथली काळपट जांभळी वांगी आपल्या बामणोदच्या हिरव्या वांग्याची सर कुठून आणणार? कपाशीच्या काड्यांचा धूरही नाही. ओव्हनमधल्या भरताला भरीत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी तू भाज, आणि वांगं सोलता सोलता तिला फोन लाव. मिरच्या किती, कांद्याची पात कधी घालायची, शेंगदाणे तळायचे का, सगळं विचार. ती ओरडेल, "अगं, टोमॅटो कोणी घालतं का त्यात!" मग 'करमतं का' विचारायला तिला सवड मिळते का, बघ.